कबुतरांच्या शाळेत एकटी पोरगी: ‘हातोफुल बॉयफ्रेंड’ कुणी खेळलंय का?

मंगळवारपेठी

मंडळी, आधीच सांगून ठेवतो, डोकं ठिकाणावर आहे आणि घेतलेलीबी न्हाई.

स्टीमवर, म्हणजे गेम विकायच्या ऑनलाइन दुकानात, सेल लागला होता म्हणून एक गेम घेतला, ‘हातोफुल बॉयफ्रेंड’. व्हिज्युअल नॉव्हेल म्हणतात त्या जातीतला. म्हणजे मारामारी नाही, पळापळ नाही. मागं चित्र, खाली मजकूर, आणि मधेच दोन-तीन पर्याय: आज वाचनालयात जायचं की मैदानावर, असले. तुम्ही निवडाल तशी गोष्ट वळते. आता गोष्ट ऐका. एक नामांकित शाळा. तिथं तुम्ही एकुलती एक माणसाची पोरगी, राहायला गुहेत. बाकी वर्गमित्र, गणिताचे मास्तर, शाळेचा डॉक्टर, सगळी पाखरं. मला वाटलं गोंडस चित्रं काढली असतील. तसलं काय नाही. खऱ्या कबुतराचा फोटो समोर येतो, एक डोळा तुमच्याकडं लावलेला, आणि खाली लिहून येतं की हा तुझा लहानपणापासूनचा मित्र. यातल्या एकावर तुम्ही जीव लावायचा.

पहिला अर्धा तास मी नुसता एकटाच खिदळत होतो. मग मामा आला.

मामाची ढाबळ आमच्याच गच्चीवर आहे, चाळीसएक पाखरं. रात्री ढाबळीचं दार लावून खाली उतरताना त्यानं माझ्या खोलीत डोकावलं. स्क्रीनवर पांढरंशुभ्र लक्कं कबूतर, शेपूट पंख्यासारखी उघडलेली. मामा दारातच थांबला.

“ह्ये लक्कं कुणाचं रं?”

म्हटलं, मामा, ह्यो गेम हाय. हे फ्रान्सच्या बड्या घराण्यातलं पोरगं आहे, सगळ्यांना तुच्छ समजतंय.

मामानं जरा वेळ निरखून बघितलं. “बरोबर हाय की. लक्कं असलंच असतंय. धड उडायला यीत न्हाई, नुसता तोरा.”

आणि खुर्ची ओढून बसला तो १२ वाजेपर्यंत. मी इंग्रजी वाचून त्याला मराठीत सांगत होतो. ओकोसान म्हणून अजून एक लक्कं आहे त्यात, ते शाळेच्या धावण्याच्या संघात. हे ऐकल्यावर मामा इतका हसला की ठसका लागला, पाणी आणून द्यावं लागलं. “लक्कं? पळायच्या टीमात?” माझ्या लक्षातच आली नव्हती ती गंमत. जपानात बसून केलेला विनोद माझ्या आधी मंगळवार पेठेतल्या ढाबळवाल्याला कळला.

म्हणून हा धागा. कुणी खेळलंय का, कुणाचा मार्ग आधी घेतला? शेवट फोडू नका, मी दोनच मार्ग संपवलेत.

पांढरा_रस्सा

विषय हार्ड आहे भावा. हिकडं पोरांना माणसाचं स्थळ मिळंना आणि तू कबूतर बघायला लागलास.

उपवासाची_मिसळ

पत्रिका जुळवलीस का? मंगळ असला तर ससाणा नेतोय म्हणं.

जुनी_जॉयस्टिक

अहो, हा जुना आणि बऱ्यापैकी नावाजलेला गेम आहे, हसू नका. हातो मोआ या जपानी चित्रकर्तीनं २०११ मध्ये केला. सुरुवात एप्रिल फूलच्या थट्टेपासून झाली आणि लोकांना ती थट्टा इतकी आवडली की त्याचा पूर्ण गेम झाला. जपानीत ‘हातो’ म्हणजे कबूतर. इंग्रजी ‘हार्ट’ जपानी लोक जवळपास ‘हाऽतो’ असं लांबवून म्हणतात. तो स्वर आखूड केला की हृदयाचं कबूतर होतं, इतकीच नावातली कोटी. मंगळवारपेठी ज्या ओकोसानबद्दल लिहितायत ते त्यांच्या घरातलं खरं पाळीव कबूतर होतं, त्याच नावाचं.

आपण स्टीमवर खेळतो ती २०१४ ची नव्यानं केलेली आवृत्ती. ती मीडियाटॉनिक नावाच्या ब्रिटिश कंपनीनं केली, बाजारात आणली डिव्हॉल्व्हर डिजिटलनं. याच मीडियाटॉनिकनं पुढं २०२० मध्ये ‘फॉल गाइज’ काढला. लॉकडाऊनमध्ये ज्यांनी ती पडापडी तासन्‌तास खेळली त्यांना कल्पना नसेल की हीच माणसं आधी कबुतरांची लग्नं लावत होती.

खेळणाऱ्यांसाठी एक. प्रत्येक मार्ग तासाभराच्या आतबाहेर संपतो आणि वाचलेला मजकूर पळवायची सोय आहे, ती वापरा. गणित, व्यायाम, संगीत असे तास निवडायचे असतात, त्यावर तुमचं शहाणपण, ताकद आणि छाप वाढते. ज्याचा मार्ग धरलाय त्याला यातलं काय लागतं ते बघा. कुणाशीच धड जमवलं नाही तर शेवट काही चांगला होत नाही, एवढंच सांगतो.

दुपारची_झोप

मी मागंच खेळलो होतो आणि मला नाही आवडला. स्पष्टच सांगतो. विनोद एकच आहे: मुलाच्या जागी कबूतर. पहिल्या दहा मिनिटांत तो वाजतो, नंतर तोच वाजत राहतो. दुसऱ्या खेपेला तीच शाळा, तीच प्रार्थना, तेच गणित. पळवायची सोय आहे म्हणता, पण जो गेम पळवावा लागतो तो खेळायचा कशाला? शिवाय तनाबाता काय, देवळातलं नववर्ष काय, निम्मे संदर्भ जपानी सणांचे आणि तिकडच्या शाळांच्या कार्टूनवर बेतलेले. ज्यानं ती बघितली नाहीत त्यानं कशावर हसायचं?

असल्या गेमांत ‘डोकी डोकी लिटरेचर क्लब’ बघा, २०१७ चा, फुकट आहे. तोही गोड गोड सुरू होतो आणि नंतर तुम्हाला झोप लागत नाही.

ढाबळवाली

काल रात्री बसून दोन मार्ग संपवलो. घरात तीन पिढ्या पाखरं आहेत म्हणून आधी पाखरांचंच बोलतो, कारण वर कुणी नीट बोललंच नाही. सगळ्यांना सरसकट कबूतर म्हणणं थांबवा.

र्‍योता, तो बालमित्र, साधा पारवा. आपल्या देवळात, पुलाखाली, बसस्टँडच्या पत्र्यावर असतो तोच. साकुया, तो फ्रान्सच्या घराण्यातला, आणि युया दोघं लक्के, ओकोसानपण लक्काच. वाचनालयात एकटा बसतो तो नागेकी अमेरिकेतला होला आहे. त्याचं इंग्रजी नावच शोक करणारा असं आहे, त्याच्या रडक्या आवाजावरून. आपल्या होल्याचा आवाजपण दुपारी ऐकला की जीव उदास होतोय. गणिताचे मास्तर कबूतर नाहीतच, लाव्यासारखा दिसणारा बारका पक्षी आहे, मूठभर. वर्गात झोपतात. स्वतःला पडलेला देवदूत समजणारा आंगेल फिलिपाइन्सचा, त्याच्या छातीवर रक्त सांडल्यासारखा लाल डाग असतो. आता सांगा, कवटाळून मरायची भाषा करणाऱ्या पोराला हेच पाखरू देणं, ह्याला एकच विनोद म्हणायचं?

आणि डॉक्टर. तो चकोर आहे. लाल चोच, डोळ्यावरून गळ्यापर्यंत काळा पट्टा, शंकाच नाही. चित्र बघितलो आणि अंगावर काटा आला, कारण तोवर त्याचं बोलणं ऐकून झालं होतं.

पुण्यात_अडकलेला

ढाबळवाली, एक नंबर लिहिलंस भावा! चकोराचं लक्षातच आलं नव्हतं. आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या कवींनी ज्याला चांदणं पाजलं तो इथं इंजेक्शन घेऊन उभा आहे.

ढाबळवाली

भावा नव्हे, बहीण. कोल्हापूरची पोरगी आहे मी, आम्ही असंच बोलतो: मी आलो, मी गेलो, मी जेवलो. पुण्यात फार दिवस राहिलास वाटतं.

पुण्यात_अडकलेला

माफी असावी ताई. आठ वर्षं झाली. इथं कुणी ‘मी जेवलो’ म्हणत नाही, म्हणजे बायका. पांढरा रस्सापण मिळत नाही. सगळंच अवघड आहे.

पांढरा_रस्सा

हाक मारली का कुणी?

मंगळवारपेठी

@दुपारची_झोप, तुमचं म्हणणं मला पहिल्या दिवशी पटलं असतं. पण मामाबरोबर खेळताना एक लक्षात आलं. हा गेम एकदाही डोळा मारत नाही. ‘बघा बघा, कबूतर आहे, हसा’ असं कुठंच म्हणत नाही. दारिद्र्यात राहणारा पारवा आजारी आईसाठी नोकऱ्या करतोय, तो त्यांना खरोखरच कष्टाळू पोरगा वाटतो. लक्क्याला घराण्याची लाज वाटते ती खरीच लाज आहे. हसायचं की नाही ते तुमच्यावर. गावाकडच्या तमाशात सोंगाड्या स्वतः हसायला लागला की प्रेक्षक हसायचा थांबतो, तसलं काहीतरी.

मामा तर हसतच नाही आता. काल मला म्हणाला, त्या पारव्याचं कसं चाललंय. जसं काय शेजारच्या गल्लीतलं पोरगं.

आणि हो, पहिल्या भेटीत पाखराचं माणसाच्या रूपातलं चित्र दाखवायचा पर्याय आहे. मी चालू केला होता. मामानं बंद करायला लावला. “माणसं कशाला मधी? पाखरं बरी दिसत्यात.”

जुनी_जॉयस्टिक

मामांना सलाम. बरोबर आहे त्यांचं, तो पर्याय बंद ठेवूनच खेळावं.

दुपारची झोप यांचा आक्षेप मात्र उडवून लावू नका. व्हिज्युअल नॉव्हेलमध्ये तेच तेच वाचावं लागणं ही खरी अडचण आहे आणि सगळेच गेम त्यावर आपापला तोडगा काढतात. ‘एस अटर्नी’नं २००१ मध्ये वकिलाची उलटतपासणीच खेळ करून टाकली, म्हणजे वाचणं हेच काम झालं. हातोफुलनं उलट केलं. तुम्हाला चार-पाच वेळा तीच शाळा बघायला लावतो, तुम्ही कंटाळता, सगळं पाठ होतं. ते पाठ होणं पुढं कामाला येतं. कसं ते आत्ता सांगत नाही.

उपवासाची_मिसळ

सगळे मार्ग संपवल्यावर जो नवा मार्ग उघडतो त्यात पहिल्या झटक्यातच

[या प्रतिसादाचा पुढचा भाग काढला आहे. धागाकर्त्यानं पहिल्याच पोस्टीत विनंती केली होती. – संपादक]

मंगळवारपेठी

वाचला मी. काढायच्या आधी वाचला. देव तुझं भलं करो.

उपवासाची_मिसळ

२०११ चा गेम आहे राव! शाळेत गेलेली पोरं कॉलेज करून नोकरीला लागली. किती वर्षं तोंडाला कुलूप लावायचं?

ढाबळवाली

ज्यानं आज उघडला त्याच्यासाठी तो आजचाच आहे. तुला खासबागेतल्या कुस्तीचा निकाल कुणी तिकिटाच्या रांगेत सांगितला तर?

उपवासाची_मिसळ

बरं बरं. दूध कट्ट्यावर या, एक पेला माझ्याकडून.

टेंबलाई

मी गेली दोन वर्षं हौस म्हणून गेमचे मजकूर मराठीत करून बघतो, कुणी सांगितलेलं नाही. हातोफुलची पहिली काही पानं वहीत केली आणि तिथंच अडकलो, म्हणून इथं विचारतो. तिढा मजेशीर आहे.

नायिका बोलते तेव्हा इंग्रजीत ‘मी’ला लिंग नाही. मराठीत पहिल्याच वाक्यात क्रियापद फुटतं. ‘मी शाळेत जाते’ लिहिलं की ती सदाशिव पेठेतली होते. ही पोरगी गुहेत राहते, शिकार करून खाते, कुणाला भीत नाही. मला ती ‘मी शाळेत जातो’ म्हणणारीच ऐकू येते, वर ढाबळवाली बोलल्या तशी. पण मग मराठवाड्यातला किंवा विदर्भातला वाचणारा म्हणणार की नायिका मुलगा आहे. आणि प्रेम चाललंय मुलाशी. नसता गोंधळ.

दुसरं याहून वाईट. कबूतर नपुंसकलिंगी. पाखरू नपुंसकलिंगी. ‘ते कबूतर आलं’ असं लिहितो तोवर ठीक आहे, पण त्यानं नाव सांगितलं की पुढच्या ओळीला ‘साकुया म्हणाला’ करावं लागतं. म्हणजे ‘ते’चा ‘तो’ नेमका कुठल्या ओळीत करायचा, हा प्रश्न पडतो. मला वाटतं तिथंच गेमचा सगळा अर्थ आहे. इंग्रजीला ही संधीच नाही.

पुण्यात_अडकलेला

सुंदर. माझं मत: ज्या क्षणी तिला तो आवडायला लागतो त्या ओळीला ‘ते’चा ‘तो’ करा, आधी नाही. आणि ओकोसानचं शेवटपर्यंत ‘ते’च ठेवा.

ढाबळवाली

आम्ही घरात आवडत्या पाखराला ‘तो’च म्हणतो की. “तो अजून उतरला नाही.” ज्याचं काय वाटत नाही ते ‘ते’. बाकी आमचे आजोबा घरातल्या सगळ्या नातवंडांनापण ‘ते’ म्हणतात, ते सोडा.

नायिकेला ‘मी जातो’च म्हणू दे. ज्याला कळायचं त्याला कळेल.

जुनी_जॉयस्टिक

टेंबलाई, साकुयाला स्वतःबद्दल ‘आम्ही’ वापरायला लावा. “आम्हाला हे चालत नाही.” आपल्याकडं त्याला वेगळं काही समजवावं लागणार नाही, असा एखादा प्रत्येकाच्या नात्यात असतो. आंगेलला जुन्या संगीत नाटकातल्या खलनायकाची भाषा द्या, ‘हा पहा, हा पहा विनाशकाल’ अशी. गणिताच्या मास्तरांना अर्धी वाक्यं द्या, उरलेली झोपेत जाऊ देत.

टेंबलाई

‘आम्ही’ झकास! वहीत केलंसुद्धा.

बाकी फेरफार असे केलेत: आझामी ताकोयाकी विकते, ऑक्टोपसचे तुकडे घातलेले गोळे. ते भाजायचं भांडं बघितलं तर हुबेहूब आपलं अप्पेपात्र. म्हणून आप्पेवाली. ओकोसान खऱ्या पुडिंगच्या शोधात असतो, तिथं खरवस घातला. खरवस गंगावेशीत मिळतो पण पाहिजे त्या दिवशी मिळत नाही, त्यामुळं शोध घेणं पटतं. फेब्रुवारीत प्रेमाच्या दिवशी चॉकलेटऐवजी कडधान्य द्यायची पद्धत आहे त्या शाळेत, इंग्रजीत त्या दिवसाच्या नावावरपण शेंगांची कोटी केलीय. त्यावर काही सुचेना.

पांढरा_रस्सा

मटकी दे. मोड आणून दे. कोल्हापुरात ह्याहून जास्त प्रेम कुणी कुणावर करत नाही.

ढाबळवाली

कबुतराला मोडाची मटकी नको, पोट बिघडतंय. कोरडा मका, ज्वारी, हरभरा, बास. प्रेम करायचं तर नीट करा.

दुपारची_झोप

हे सगळं वाचून परत काढला गेम. काढला म्हणजे काय, अजून काही मत बदललेलं नाही. पण टेंबलाई, हे तुम्ही गेमात घालणार कसं?

टेंबलाई

घालता येणार नाही. हातोफुल दुसऱ्यांचा आहे आणि त्यात भाषा घुसवायची सोय माझ्या हातात नाही. ही वही फक्त हाताला वळण लागावं म्हणून. स्वतःचं काही करायचं तर रेनपाय आहे, असले गेम बनवायचं सॉफ्टवेअर. टॉम रॉथमेल यांनी २००४ मध्ये आणलं, फुकट आहे, जगातल्या कितीतरी हौशी व्हिज्युअल नॉव्हेल त्यावरच होतात. जपानी ‘रेनआय’ म्हणजे प्रेम आणि पायथन ही संगणकाची भाषा, दोन्ही मिळून ते नाव.

आपली अडचण होती देवनागरीची. जुन्या रेनपायमध्ये ‘कि’ लिहिलं की ऱ्हस्व वेलांटी ‘क’च्या मागं जाऊन बसायची आणि जोडाक्षरांचे पाय मोडायचे. ‘प्रेम’ लिहायला घेतलं की प, हलन्त, र आणि मात्रा असं चौघांचं भांडण दिसायचं. नव्या आवृत्त्यांत हार्फबझ आलं, ते अक्षरं जुळवून देतं. मी ‘लक्क्याच्या’ लिहून बघितलं. नीट आलं. तो एक शब्द मी दहा मिनिटं बघत बसलो होतो, बायको म्हणाली काय झालं.

शेडवाला

वाचत होतो फक्त, आज लिहितो. पुढं स्पॉयलर आहे, ज्यांना नको त्यांनी इथंच थांबा. मंगळवारपेठीचा शेवट तसाही फुटलाय.

सगळे मार्ग संपले की जो लपलेला मार्ग उघडतो त्यात नायिका मरते आणि पारवा आणि लक्का मिळून कुणी मारलं ते शोधतात. शाळेचं सगळं जे आपल्याला पाठ झालेलं असतं, कोण कुठं कधी असतो, ते तिथं कामाला येतं. जॉयस्टिकनी वर म्हटलं ते हेच असावं. पण मला हलवलं ते वेगळ्या गोष्टीनं. जगात माणसं इतकी कमी का, पाखरं शाळेत का, याचं उत्तर तिथं मिळतं. बर्ड फ्लू. एच५एन१. माणसं मेली, मग माणसांनी पाखरं संपवायला एक विषाणू सोडला आणि त्यानं पाखरं मरायच्या ऐवजी शहाणी झाली.

आमचा हातकणंगल्याकडं पोल्ट्रीचा शेड होता. २००६ च्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यात नवापूरला बर्ड फ्लू सापडला, देशातला पहिला. नवापूर म्हणजे पार गुजरातच्या शिवेला, आमच्यापासून कुठल्या कुठं. आमच्या शेडमधली एकबी कोंबडी आजारी नव्हती. पण गिऱ्हाईक एका दिवसात गेलं. टीव्हीवर पांढरे कपडे घातलेली माणसं पोती भरत होती, तिकडं लाखांनी पक्षी मारून पुरले. वडील रोज सकाळी नेहमीसारखं खाद्य घालायचे आणि कोंबड्या नेहमीसारख्या त्यांच्या पायात यायच्या. घेणारं कुणी नाही, खाद्य मात्र रोजचं. दोन महिन्यांनी शेड रिकामा केला, परत भरला नाही.

मी हा गेम हसायला घेतला होता. रात्री दीड वाजता त्या जागेला आलो आणि बंद केला. दुसऱ्या दिवशी पूर्ण केला. ज्यानं कुणी एप्रिल फूलच्या थट्टेत हे दडवून ठेवलं, त्याला पाखरं माहीत आहेत एवढं नक्की.

ढाबळवाली

त्या वेळी आमच्या गल्लीतपण लोक येऊन सांगून गेले होते, पाखरं सोडून द्या म्हणून. आजोबा म्हणाले, सोडली तर संध्याकाळी परतच येणार, त्यांना दुसरं घर माहीत नाही.

दुपारची_झोप

शेडवाला, मी तिथपर्यंत पोचलोच नव्हतो. तिसऱ्या मार्गाला सोडला होता.

मंगळवारपेठी

रविवारी दुपारी संपवला, मामा शेजारी होता. शेडवाल्यांनी लिहिलेलं मी त्याला आधी वाचून दाखवलं, त्यामुळं त्याला सगळं माहीत होतं तरी तो बसला.

मला वाटलं होतं बर्ड फ्लूवर काही बोलेल. नाही बोलला. नायिका गेली तेव्हापण गप्प. एकच विचारलं, ती गेल्यावर धडपडतोय कोण? म्हटलं, पारवा. मुख्य तोच.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: ढाबळवाल्यांच्या लेखी पारव्याला किंमत नसते. उन्हाळ्यात उडवायच्या स्पर्धा असतात तेव्हा सकाळी पाखरू सोडायचं आणि जितका जास्त वेळ ते आभाळात राहून आपल्याच छपरावर परत उतरेल तितकं नाव. त्यासाठी जोड्या जपायच्या, खुराक सांभाळायचा, कुणाचं रक्त कुठलं ते तोंडपाठ ठेवायचं. पारवा यातला कशातच नाही. तो येतो सांडलेली ज्वारी खायला. मामा आयुष्यभर त्यांना फडकं मारून हाकलत आलाय.

“त्यालाच सगळं वढायला लावलं व्हय,” म्हणाला. मग उठून वर गेला, दाणे घालायची वेळ झाली होती.

मागनं मी चहा घेऊन गेलो. नेहमीचे पाच-सहा पारवे कठड्यावर बसले होते, आशेनं. फडकं खांद्यावरच होतं त्याच्या. हाकललं नाही असं म्हणणार नाही, हाकललंच. पण जरा उशिरा.

पांढरा_रस्सा

बरं झालं सांगितलंस. मी उद्या घेतो.

दुपारची_झोप

लपलेल्या मार्गासाठी सगळ्यांचे शेवट लागतात का? ओकोसानचा मला जमत नाहीये. खरवस मिळंना.

ढाबळवाली

धावण्याच्या संघात नाव घाल आणि व्यायामाचे तास सोडू नको. गणिताला गेलास तर मास्तरांबरोबर तूपण झोपशील, नावच तसं घेतलायस.